चालत्या इंजिनाची तार

‘बॅटरी गेली’ म्हणत माझ्याकडे येणाऱ्या दहा माणसांपैकी सातांची बॅटरी गेलेली नसते. अक्कल गेलेली असते. सकाळी गाडी सुरू झाली नाही की हे लोक आधी शेजाऱ्याला विचारतात, मग मेव्हण्याला, मग मोबाइलवर कोणत्या तरी बडबड्याचा व्हिडिओ पाहतात आणि शेवटी दुकानात जाऊन नवीन बॅटरी बसवून घेतात. बॅटरीवाला कशाला नको म्हणेल? तो बॅटरी विकायलाच बसलाय. दोन महिन्यांनी नवीन बॅटरीही उतरते, आणि मग ही मंडळी दोरी बांधून गाडी ओढत वलगाव रोडवर माझ्या दुकानासमोर आणतात. चोर सोडून संन्याशाला सुळी देऊन झाली की यांना जीवन आठवतो.

जीवन म्हणजे मी. ऑटो इलेक्ट्रिशियन. बावीस वर्षांपासून अमरावतीत हेच काम करतोय. इंजिनाला हात लावत नाही, पंक्चर काढत नाही, गाडी धूत नाही. वायर, सेल्फ, बॅटरी आणि अल्टरनेटर, बस. माझं तोंड वाईट आहे असं लोक सांगतात, आणि ते खरं आहे. पण गाडी दुरुस्त होते, म्हणून शिव्या खाऊनही परत येतात.

कोणालाही विचारा, अल्टरनेटर काय करतो? नव्वद टक्के लोक तोंडाकडे पाहतात. अरे, बॅटरीचं काम गाडी सुरू करून देण्यापुरतं. एकदा इंजिन फिरायला लागलं की पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर वीज तयार करतो, गाडीही चालवतो आणि बॅटरीही भरतो. तो बिघडला तर तुम्ही बॅटरी बदला नाहीतर बॅटरीवाला बदला, काही फरक पडत नाही. एवढी साधी गोष्ट आहे. पण साधी गोष्ट समजून घेण्यात लोकांना कमीपणा वाटतो.

मार्चमधल्या एका सकाळी सागर अशीच एक छोटी पेट्रोल गाडी ओढून घेऊन आला. सागरचा फुलांचा ठोक व्यापार. नांदगाव खंडेश्वरकडच्या शेतकऱ्यांचा झेंडू, शेवंती तो घेतो आणि इथून पुढं पाठवतो. पांढरा कडक शर्ट, दोन मोबाइल, अंगाला अत्तर आणि झेंडूचा मिळून एक विचित्र वास. गाडीत पुढं त्याचे वडील भगवंतराव, मागं आई सत्यभामाबाई.

सागर माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "जीवनभाऊ, दहा महिन्यांत तिसरी बॅटरी हाय हे. बाबा रात्री दिवे चालू ठेवतात. तुमी जराक पाहून घ्या अन् त्यायले सांगा तसं. चाबी म्या माह्याजवळच ठेवली हाय आता."

माझं डोकं तिथंच फिरलं. म्हणजे दोष काय ते यानं घरूनच ठरवून आणलं होतं, मी फक्त अंगठा उठवायचा. आणि ठरवलं तेही कोणाचं? स्वतःच्या बापाचं. चार पैसे हातात आले की बापाची लाज वाटायला लागणारी एक जात आपल्याकडे तयार झाली आहे. ही माणसं बापाला गाडीत बसवतात, पण चाबी देत नाहीत.

भगवंतराव खाली उतरले. सत्तरीच्या पुढचे, उंच, पाठ सरळ. चालण्यावरूनच समजतं की हा माणूस ड्रायव्हर आहे. आल्या आल्या त्यांनी गाडीच्या चारही टायरांवर नजर टाकली. मग माझ्यासमोर उभे राहिले.

"म्या तीस वर्ष काळीपिवळी जीप हाकलली, मिस्त्री," ते म्हणाले. "दर्यापूर ते अकोला, म्हैसांगवरून. दिवसाच्या चार खेपा. पावसात, धुक्यात. एक डाव दिवे चालू रायले नाईत. अन् हा मले शिकवून राहिला."

सागर दुसरीकडे पाहत होता. मला भगवंतराव तिथल्या तिथं आवडले.

मी माठातलं पाणी प्यायला आत गेलो तर सत्यभामाबाई मागोमाग आल्या. पदर दातात धरलेला. बाहेर एकदा पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगजा मले. हे गाडीचं हाय का यायचं?"

मला त्यांची दया आली. नवऱ्यावर घरातलं पोरगं आळ घेतंय आणि बिचारी मिस्त्रीला विचारते आहे. मी म्हटलं, "काकू, अर्धा तास थांबा. मीटर खोटं बोलत नाई."

आता मी कामाला लागलो, आणि खरं सांगायचं तर सागरला दाखवण्यासाठीच लागलो. एरवी मी कोणाला काही समजावत नाही. त्या दिवशी प्रत्येक गोष्ट मोठ्यानं बोलत केली. बाजूच्या चहाच्या टपरीवरचा जानराव आणि त्याची दोन गिऱ्हाइकं ग्लास हातात घेऊन येऊन उभी राहिली, तर त्यांनाही हाकललं नाही.

आधी दुसऱ्या बॅटरीचा जोड देऊन गाडी सुरू केली. दिवे लावले, चाबी काढली, दार उघडलं. गाडी पिं पिं करून ओरडायला लागली. मी सागरला म्हटलं, "ऐका. दिवे रायले तं गाडी सोता सांगते. तुमचे वडील बहिरे हायत काय?"

"नाई, पन..."

"मंग झालं."

मग इंजिन पुन्हा सुरू करून बॅटरीला मीटर लावलं. साडेतेरा व्होल्ट. फार वाईट नाही, चांगलंही नाही. आमच्यातले बाकीचे शहाणे इथंच थांबतात आणि ‘चार्जिंग ठीक हाय, बॅटरी बदला’ म्हणून मोकळे होतात. मी मीटरचं बटण फिरवून घरच्या विजेसारखा उलटसुलट वाहणारा करंट मोजायला लावलं. अल्टरनेटर आत तसाच करंट तयार करतो आणि त्याच्या पोटातले डायोड त्याला सरळ करून बाहेर सोडतात. डायोड म्हणजे एकाच बाजूनं उघडणारं दार. दारं चांगली असतील तर या मापात पाव व्होल्टही दिसत नाही. इथं एकाच्या जवळ काटा होता.

मग गाडी बंद केली आणि बॅटरीच्या मायनस तारेत मीटर जोडून सगळ्यांना बसवून ठेवलं. नव्या गाड्यांना झोपी जायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ दार उघडायचं नाही, काही लावायचं नाही. सागर दोनदा म्हणाला, "जीवनभाऊ, जराक इकडं या नं, बोलाचं होतं." मी गेलो नाही. याला मला बाजूला घेऊन काय सांगायचं असणार ते मला माहीत होतं. दिवेच आहेत असं सांगा, हेच.

झोपलेल्या गाडीनं एका अँपिअरचा विसावा भागसुद्धा खाऊ नये. ही दोन अँपिअर खात होती. एकेक फ्यूज काढून पाहिला, आकडा हलेना. शेवटी अल्टरनेटरची जाड तार सोडवली आणि मीटर धाडकन शून्याजवळ आलं. डायोड दोन्ही बाजूंनी उघडे पडले होते. गाडी उभी केली की बॅटरी रात्रभर त्यांच्यातून गळत होती आणि सकाळी मरत होती. यात दिव्यांचा काही संबंध नव्हता.

मी उठून उभा राहिलो. एवढ्या वर्षांत असे फार थोडे क्षण येतात आणि मी ते वाया घालवत नाही.

"सागरभाऊ," मी जानरावच्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल असं म्हटलं, "डायोड गेले हायत. तुमच्या गाडीचे. बाबाच्या डोक्यातले शाबूत हायत. उलट तीन बॅटऱ्या बदलून तुमाले समजलं नाई, तं तपासाचं कोनाचं ते पाहा."

लोक हसले. जानराव तर खोकेपर्यंत हसला. सागरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी आणखी एक पाऊल पुढं गेलो. "काढा ती चाबी खिशातून अन् द्या त्यायच्या हातात."

त्यानं चाबी काढली. भगवंतरावांनी ती घेतली, शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून एकदा हात ठेवला. सत्यभामाबाईंनी माझ्याकडे पाहून हात जोडले. संध्याकाळपर्यंत मी अल्टरनेटर खोलून डायोडची प्लेट बदलली, सगळं परत मोजलं, टर्मिनलचे नट आवळले आणि गाडी दिली. भगवंतराव स्वतः चालवत घेऊन गेले. गर्दीतून अशी सफाईनं काढली की मी पाहत राहिलो.

साडेतीन आठवड्यांनी तीच गाडी पुन्हा दोरीनं ओढत माझ्या दारात आली.

सागरनं फक्त दोरी सोडली आणि बाजूला झाला, आणि तेच मला जास्त लागलं. तो बोलला असता तर मी चार ऐकवल्या असत्या. मी जोड देऊन गाडी सुरू केली आणि मीटर लावलं. पुन्हा तोच एक व्होल्ट. अल्टरनेटर उतरवून खोलला, तर नवी प्लेट काळी पडलेली. मी आधी सुट्या भागांच्या दुकानदाराला फोन करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. डुप्लिकेट माल विकतो म्हटलं, आणि त्याचं उत्तर न ऐकता फोन ठेवला. दोष दुसऱ्याचा आहे हे मला जितक्या लवकर समजतं तितक्या लवकर दुसरं काही समजत नाही.

मग अल्टरनेटर दुसरा चांगला बसवला, आणि बॅटरीची तार जोडायला गेलो तेव्हा मायनसच्या टर्मिनलच्या नटाकडे नीट लक्ष गेलं. मी आवळलेला नट पाना लावल्याशिवाय हलत नाही. हा मघाशी काढताना नुसत्या बोटानं निघाला होता. कडा घासून गोल झाल्या होत्या, शिशावर पान्याचे ताजे ओरखडे होते. हा नट एकदा नाही, रोज कोणीतरी काढत होतं.

आणि कशासाठी ते मला कोणी सांगायची गरज नव्हती, कारण रोज हा नट काढणाऱ्यांच्यातच मी वाढलो आहे. मी मूर्तिजापूरला ज्यांच्याकडे शिकलो ते नत्थुजी मिस्त्री डायनामो, म्हणजे जुन्या गाड्यांतला अल्टरनेटर, तपासायचे तो असाच. जीप सुरू करायची, चालत्या इंजिनावर बॅटरीची तार उपटायची. इंजिन बंद पडलं नाही की ‘डायनामो चांगला हाय’. सगळ्या वऱ्हाडातले जीपवाले सकाळी पहिली खेप भरण्याआधी हेच करत. महामूर्खपणा. जुनं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरजच नसते. डायनामो काढून भंगारात विकला तरी ते चालतच राहणार. म्हणजे ज्या तपासणीवर तीन पिढ्या मिस्त्री लोकांनी मिशीला पीळ दिला, तिच्यातून काडीचंही समजत नव्हतं. तिथं नुकसान तरी नव्हतं. आताच्या पेट्रोल गाडीत चालत्या इंजिनावर तार काढली की अल्टरनेटरची वीज एकदम उसळते आणि पहिले मरतात ते डायोड.

पहिल्या दिवशीच मी विचारायला हवं होतं की डायोड गेले कशानं. ते मी विचारलं नाही. मी भाषण करत होतो.

भगवंतराव बाजूला हात मागं बांधून उभे होते. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "काका, सकाळी गाडी काढाच्या आंधी तुमी डायनामो पायता काय?"

"पायतो नं," ते लगेच म्हणाले. "रोज पायतो. न पायता गाडी रस्त्यावर आनली अन् मंधात बंद पडली तं लोकायले काय सांगाचं?"

"कसा पायता? दाखवा बरं."

मी गाडी सुरू करून दिली. त्यांनी पँटच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला दहा नंबरचा पाना काढला. वाकले, न पाहता पाना नटावर बसवला. हाताला जराही कंप नव्हता. अर्धा फेरा फिरवला आणि तार उचलणार तेवढ्यात मी त्यांचं मनगट धरलं.

मग मी समजावलं. शिव्या न देता, पहिल्यांदाच. डिझेल वेगळं, पेट्रोल वेगळं. वीज उसळते, डायोड जळतात. तुमच्या त्या तपासणीनंच गाडी मरते आहे. ते मन लावून ऐकत होते. मधे मधे मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "अस्सं हाय काय. मंजे हे फक्त जीपलेच चालते."

"हो. जीपलेच."

"मंग बराबरच हाय की," ते म्हणाले. रुमालानं त्यांनी बोनेटची कड पुसली. "जीपच तं हाय हे."

मला वाटलं थट्टा करतायत. मी हसलो. ते हसले नाहीत. माझ्याकडे जरा कीव करून पाहिलं, नव्या आलेल्या अडाणी माणसाकडे पाहतात तसं, आणि म्हणाले, "इथं उभा नको राहू, बाबू. मांगं दोन जागा रायल्या. म्हैसांगची सवारी असन तं पाठव."

सागर पुढं आला. त्यानं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि रोजच्या आवाजात म्हणाला, "बाबा, सवारीले टाइम हाय. चाला, जानरावकडं चहा घ्या तोवर." ते मुकाट्यानं गेले. जानरावच्या बाकावर बसले, आणि दोन मिनिटांत त्याच्याशी झेंडूच्या भावावर अगदी व्यवस्थित बोलायला लागले.

मी तिथंच उभा होतो. सत्यभामाबाई गाडीच्या मागच्या सीटवर बसून होत्या. मी दाराजवळ गेलो तर माझ्याकडे न पाहता त्या बोलायला लागल्या.

"मांगच्या गुरवारी करिश्माकडं निंगालो होतो, अकोल्याले. आमची पोरगी हाय तिथं. दर्यापूरच्या स्टँडवर त्यायनं गाडी लावली. म्हटलं चहा पेत असतीन. तं सवारी भराले लागले. दोन घंटे. अकोला, अकोला करून हाका मारून राहिले होते. लोक हासत होते. एक म्हातारी अन् तिचा नातू बसले बिचारे खरंच. मी मांगं सरकून बसली. त्यायले जागा देल्ली."

"तुमी कोणाले सांगितलं नाई?"

"तुमी म्हनलं होतं नं भाऊ, गाडीचं हाय म्हनून." पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या. "म्या धरून बसली ते. इतले दिवस मले झोप लागली त्याच्यावर."

मी सागरकडे वळलो. माझ्या अंगात अजूनही थोडी खुमखुमी शिल्लक होती, कारण मी म्हणालो, "तुमाले माहीत होतं तं दिवे दिवे काय लावलं होतं?"

"मंग काय सांगू, जीवनभाऊ?" त्याचा आवाज चढला नाही. "चार लोकायसमोर सांगू, का माह्या बापाले समजत नाई म्हनून? दिवे इसरले म्हटलं तं लहान गोष्ट असते. कोनीबी इसरते. अकोल्याच्या डॉक्टरनं गेल्या दिवाईतच सांगितलं होतं, गाडी बंद करा. यायले ते कसं सांगाव? हातातून चाबी हिसकली तं जेवन सोडतात. मले वाटलं, मिस्त्रीनं म्हटलं का दिवे रायतात, आता वय झालं काका, राहू द्या, तं ऐकतीन. मिस्त्रीचं ऐकतात ते. मी तुमाले दोन डाव बाजूले बलावलं."

दोन डाव बलावलं होतं, हे खरं. मी त्याचा कडक शर्ट पाहिला होता, त्याचं अत्तर हुंगलं होतं, आणि त्यावरून तो कसला पोरगा आहे ते ठरवलं होतं. मीटर लावायची गरज वाटली नव्हती. मला स्वतःची अशी किळस आली की हातातला पाना मी उगाच दोनदा पुसला. त्या म्हातारीला आणि नातवाला ज्यानं दर्यापूरहून अकोल्याला नेलं, त्याच्या खिशात चाबी मी टाकायला लावली होती, टाळ्या वाजवून घेत.

"आता कशी काढाल चाबी?" मी विचारलं.

"कायची काढतो," सागर म्हणाला. "रात्री उशाखाली घेऊन झोपतात ते. तुमीच देल्ली म्हनून सांगतात सगळ्यायले. मिस्त्रीनं देल्ली, म्हनतात."

तेवढ्यात भगवंतराव चहाचा ग्लास बाकावर ठेवून आले. चेहरा ताजा, पुन्हा अगदी शहाणा.

"झाली काय गाडी, मिस्त्री?"

गाडी झाली होती. अल्टरनेटर चांगला होता, बॅटरी भरली होती, इंजिन माझ्या पाठीमागं चालूच होतं. सागरनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी हात आत घालून इंजिन बंद केलं, चाबी काढून त्यांच्या हातात दिली, आणि सागरच्या आधी मीच बोललो.

"नाई झाली, काका."

"काहून?"

"सापडून नाई राहिलं मले."

"काय सापडून नाई राहिलं?"

"दोष. दोन डाव खोलून पाहिलं. मले येत नाई हे काम. गाडी राहू द्या इथंच. रस्त्यावर नेली तं पेटनबी, भरोसा नाई."

जानराव टपरीतून मान काढून पाहू लागला. गिऱ्हाइकं त्या दिवशीपेक्षा जास्तच होती. मग म्हातारा सुरू झाला.

"येत नाई? अन् हे दुकान कायले टाकलं मंग? त्या दिवशी तं लय बोलून राहिला होता. हे डायोड अन् ते डायोड. चार लोक जमा केले, माह्या पोराची इज्जत काढली, अन् गाडी तुह्याच्यानं होत नाई?" त्यांचा आवाज स्टँडवर कमावलेला होता, पार पुढच्या चौकात जाईल असा. "आमच्या दर्यापुरात तुह्यासारख्याले लोकायनं जीप धुवालेबी नसती देल्ली. नत्थुजी मिस्त्री होता मूर्तिजापूरले. तार उपटली का सांगे, काय बिघडलं ते. अन् तू मीटर घेऊन बसला. लेकरायच्या खेळन्यासारखं. नाचता येईना अन् आंगन वाकडं."

लोक हसायला लागले. जानराव आजही खोकेपर्यंत हसला. मी मान डोलावत होतो.

"बोल नं आता."

"काय बोलू, काका. तुमचं बराबर हाय."

"बराबर हाय म्हनते," ते लोकांकडे वळून म्हणाले. "पाहा. लाजबी नाई."

मग त्यांनी हातातली चाबी पाहिली. पाहिली आणि माझ्या कामाच्या टेबलावर फेकली. ती घसरत जाऊन मीटरला लागली.

"घे. ठेव तुह्याच जवळ. म्या नाई बसत अशा गाडीत. लोकाचे लेकरंबाळं बसतात माह्या गाडीत, खेळ नोहे तो. चाल वं, बसनं जाऊ."

सत्यभामाबाई उतरल्या. माझ्या बाजूनं जाताना थांबल्या नाहीत. नवऱ्याच्या मागं मागं चालत गेल्या. सागरनं ऑटोला हात केला. त्याला माझ्याकडे यायचं होतं, पण मी डोळ्यांनीच नको म्हटलं. वडील पाहत होते.

ऑटोत बसल्यावरही भगवंतराव बोलतच होते. ऑटोवाल्याला माझं दुकान बोट करून दाखवत होते. आत कधी गाडी घालू नको, म्हणत होते, त्याले काईच येत नाई, त्यानं सोताच कबूल केलं. ऑटोवाला माझ्या ओळखीचा होता. त्याचा सेल्फ मीच बांधून दिला होता. त्यानं बाहेर मान काढून माझ्याकडे पाहिलं, खरं की काय म्हणून.

"बराबर सांगून राहिले ते," मी म्हणालो. "ने त्यायले."